एकवीस नंबर आणि कलम सात

...आणि वर मलाच विचारतात, "गौरांगी, पण एवढी घटना-बिटना लिहायची गरज काय होती गं?" गरज काय होती! हे आत्ता विचारतायत! दोन वर्षांपूर्वी आठ सुशिक्षित माणसं, त्यातली तीन आजोबा झालेली, एका गॅरेजमध्ये समोशांच्या ट्रेभोवती उभी राहून "चार पॉइंट माझे", "नाही, चार पॉइंट माझे" म्हणून एकमेकांवर ओरडत होती, तेव्हा नाही कुणी विचारलं गरज काय म्हणून! तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या माझ्याकडे. "गौरांगी लिहील नियम. तिला सवय आहे." सवय आहे म्हणे! अहो, नागपूरला हॉस्टेलच्या मेसमधलं वरण पातळ होतं म्हणून मी दोन दिवस उपोषणाला बसले होते, ही माझी सवय! आणि तुम्हाला सांगते, तिसऱ्या दिवशी वरण घट्ट झालं होतं. तेव्हापासून माझा विश्वास बसला ना... की नियम लिहायचा, सगळ्यांना सारखा लावायचा, मग जग सुधारतं. लहान-मोठा, आपला-परका, काही बघायचं नाही. नियम म्हणजे नियम!

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगते. आमचं मंडळ. 'डावं वळण मंडळ', व्हिटबी, कॅनडा. हसू नका. ते गाड्यांच्या शर्यती बघता ना तुम्ही? नाही बघत? मी तरी कुठं बघत होते! दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या, पण अंगभर जाहिराती चिकटवलेल्या अशा चाळीसेक गाड्या एका लंबगोल वाटेवर दोन-दोनशे चकरा मारतात, तीन-तीन तास, आणि बहुतेक रविवारी फक्त डावीकडे वळतात. बस्स. डावीकडे. तीन तासांनी पोचतात कुठं? निघाल्या होत्या तिथंच! आणि आम्ही काय करतो, तर त्यावर खोट्या खोट्या टीम चालवतो. गाडी आमची नाही, ड्रायव्हर आमचा नाही, पेट्रोलचा थेंब आमचा नाही. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत व्हॉट्सअॅपवर चार गाड्यांचे नंबर टाकायचे, रविवारी त्या गाड्या खऱ्या शर्यतीत जेवढ्या पुढे येतील तेवढे पॉइंट आपल्याला. फॅन्टसी लीग म्हणतात त्याला. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, छत्तीस रविवार, आठ माणसं.

आता आठ माणसं म्हटल्यावर मराठी माणूस काय करतो? अध्यक्ष नेमतो! आमचे अध्यक्ष संजयदादा, टोरोंटोला बँकेत आहेत, बोलतातच असे की समोरच्याला वाटावं आपलं कर्ज नामंजूर झालं. "बघा, आय हिअर यू... पण प्रोसेस फॉलो झाली पाहिजे." मग उपाध्यक्ष, दोन सल्लागार, एक सांस्कृतिक प्रमुख... गाड्यांच्या शर्यतीत संस्कृती कुठून आली ते मला अजून कळलेलं नाही... सचिव मी, आणि सहसचिव स्वानंद, माझ्याच ऑफिसात, किचनर शहरात, डेस्कला डेस्क लागून. हा पठ्ठ्या गाडी निवडायला कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतो आणि दर सोमवारी सांगतो, "मॉडेल बरोबर होतं गं, गाडी चुकली." तर सगळ्यांना पदं वाटून झाल्यावर साधा सभासद म्हणून एकच माणूस उरला. अरविंदकाका. ज्यांनी हे मंडळ काढलं ते! त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला पद नको. मला गाडी द्या."

अरविंदकाका म्हणजे मूळचे सांगलीकडचे. एक्काहत्तर साली कॅनडात आले, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले. पन्नास वर्षं व्हिटबीत काढली तरी बोलण्यातली कृष्णा काही आटली नाही. मी मंडळात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला समोर बसवून त्यांनी गोष्ट सांगितली. "पोरी, जेवणाच्या सुट्टीत टेबलावर धा गोरे, आन् टोकाला मी आन् माझा डबा. सहा महिने कुणी बोललं नाही. वाईट नव्हती माणसं, बोलायचं काय तेच त्यांना सुचंना. सोमवार आला की सगळे कालच्या रेसवर तुटून पडायचे, आन् मी भाजीतला वाटाणा मोजत बसायचो. मग एकदा एकानं टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, फिरवत फिरवत माझ्यापुढं आणली. काढली मी. एकवीस नंबर! त्या रविवारी एकवीस नंबर भिंतीवर आपटली, पार चोळामोळा. पण सोमवारी, तुला सांगतो, सगळं टेबल माझ्याकडं वळलं. 'काय अॅरी, गेली नव्हं तुझी गाडी!' सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझं नाव घेतलं... चुकीचं घेतलं, पण घेतलं. तवापासून मला कळलं. गाडी जिंकली काय, हरली काय. एक गाडी निवडायची, म्हणजे सोमवारी बोलायला माणसं मिळतात."

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, एका बेसमेंटमध्ये राहणारी, दोन वाक्यं मराठी ऐकायला पार व्हिटबीपर्यंत बस बदलत बदलत गेलेली... मला काय वाटलं असेल सांगा. मी त्याच दिवशी गाडी निवडली.

आणि सोमवार म्हणजे सोमवार! सकाळी साडेसातला फोन. मी खाली पार्किंगमध्ये, हात गारठलेले, काचेवरचा बर्फ खरवडतेय, आणि हे तिकडून, "काय गं सचिवबाई! धडकली नव्हं तुझी गाडी!" आनंद तरी किती व्हावा माणसाला! सात जणांना सात फोन. हरलेल्याला डिवचायचं, जिंकलेल्याला "नशीब आहे लेका" म्हणायचं. गाड्यांनाही नावं ठेवलेली. एक गाडी नेहमी पुढे सुरू व्हायची आणि मग रुसल्यासारखी मागे पडायची, ती 'जावई'. सात नंबरची कधी जिंकायची नाही, कधी आपटायचीही नाही, दर वेळी आपली पंधरावी-सोळावी, ती 'पोस्टमन'. आणि एकवीस? एकवीसला नाव नव्हतं. "तिला काय नाव ठेवायचं? ती घरची आहे."

तर ते समोशांवरचं भांडण झालं आणि मी घटना लिहिली. चौदा पानं! हसताय काय? कलम एक, उद्दिष्टं. कलम दोन, व्याख्या, त्यात 'गाडी' म्हणजे काय, 'रविवार' म्हणजे काय... हो, पावसानं शर्यत सोमवारी गेली तर तो रविवार धरायचा की नाही? लिहायला नको? आणि कलम सात. हे नीट ऐका. 'कोणत्याही सभासदास एका हंगामात एकच गाडी सहापेक्षा अधिक वेळा निवडता येणार नाही.' कारण काय, नाहीतर सगळे दर आठवड्याला तीच चांगली गाडी घेऊन बसतात, मग खेळ कसला! पहिल्यांदा मोडलं तर त्या आठवड्याचे पॉइंट शून्य. दुसऱ्यांदा लेखी समज. तिसऱ्यांदा हंगाम संपेपर्यंत निलंबन. सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "झकास. पण माझ्या एकवीसला सहाच वेळा?" मी म्हटलं, "काका, नियम म्हणजे नियम." खूश झाले हो ते! पाठीत धपाटा घातला माझ्या. "बरोबर आहे तुझं. कारखान्यात आम्हीपण तेच म्हणायचो."

आणि पहिल्या वर्षी पाळलं त्यांनी. मोजून सहा वेळा एकवीस. सातव्या वेळी दुसरी गाडी टाकली आणि खाली लिहिलं, 'सचिवबाईंच्या भीतीनं.'

मग गेलं वर्ष. जूनमध्येच काकांच्या सहा वेळा एकवीस संपल्या. आणि ऑगस्टमधल्या एका शनिवारी बघते तर काय... एकवीस! मी फोन केला. "काका, अहो सहा झाल्या की तुमच्या." "झाल्या? बरं बरं, बदलतो." बदललं नाही. शून्य पॉइंट दिले. दोन आठवड्यांनी परत एकवीस! आणि ह्या वेळी फक्त एकवीसच, बाकीच्या तीन गाड्या टाकल्याच नाहीत. लेखी समज दिली. मला वाटलं, काका माझी परीक्षा बघतायत. मुद्दाम करतायत. मोठी माणसं असंच करतात ना, लहानांनी केलेले नियम गंमत म्हणून मोडतात, वर गालात हसतात... मला तर अशा हसण्याची चीड आहे पहिल्यापासून!

आता तुम्ही म्हणाल, तुला काहीच कसं कळलं नाही? अहो, कळायला होतं की सगळं समोर! एका सोमवारी त्यांनी मला दोनदा फोन केला, सकाळी साडेसातला आणि परत आठला, तेच, "धडकली नव्हं तुझी गाडी!" मला वाटलं, चेष्टा. ती टोपीतल्या चिठ्ठ्यांची गोष्ट एका महिन्यात चार वेळा सांगितली. मला वाटलं, वय. एकदा शनिवारऐवजी मंगळवारी नंबर पाठवला. मला वाटलं, बेशिस्त! मी चौदा पानांत 'रविवार'ची व्याख्या लिहिणारी बाई... मला समोरचा माणूस वाचता आला नाही.

आणि जयंतीकाकूंनी फोन केला होता हो मला. सप्टेंबरात. काकू कधी मंडळाच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणाल्या, "गौरांगी, ह्यांची ती एकवीस नंबर... राहू दे ना गं. कुणाला काय फरक पडतो? पॉइंटांत तसाही शेवटचाच नंबर आहे ह्यांचा." आणि मी काय सांगावं? मी भाषण दिलं! "काकू, आज काकांना सूट दिली तर उद्या संजयदादा मागतील. वय बघून नियम वाकवला तर मग न्याय कसला? काकांचाच अपमान आहे तो. नियम म्हणजे नियम."  मग म्हणाल्या, "बरं." एवढंच. बरं. आता रोज ऐकू येतो मला तो 'बरं'. तेव्हा नाही आला.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिसऱ्यांदा एकवीस. मी नोटीस काढली. "आपणांस कळविण्यात येते की, कलम सातच्या वारंवार भंगामुळे आपले सभासदत्व चालू हंगामाअखेरपर्यंत निलंबित करण्यात येत आहे." आपणांस! ज्या माणसाच्या हातचा चहा मी शंभर वेळा प्यायले त्याला आपणांस! सगळ्या ग्रुपवर टाकली. स्वानंदनं अंगठा दिला. संजयदादांनी लिहिलं, "गुड गव्हर्नन्स, गौरांगी. प्राउड ऑफ यू." मला खरंच वाटलं हो अभिमान. सोमवारी साडेसातला फोन वाजला नाही. मी म्हटलं, रुसले असतील. रुसू देत. शांतपणे चहा प्यायले त्या दिवशी. सांगायला लाज वाटते... चहा छान झाला होता.

आणि मग आला दसरा. दसरा खरा गुरुवारी होता, पण इकडे आपले सगळे सण रविवारीच येतात. आमच्या मंडळाचा दसरा म्हणजे मोठं प्रस्थ. काकांच्या पहिल्या गाडीच्या चाकाची चकचकीत टोपी आहे, हबकॅप, ती लाकडी पाटावर ठोकलेली, ती आमची ढाल. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, यंत्रं पुजतो, तशी आम्ही ती टोपी पुजतो. अकरा वर्षं काकांच्या गॅरेजमध्ये. एका भिंतीला विंटर टायर रचलेले, समोर टीव्ही, काकू टोपीला हळदकुंकू लावणार, आपट्याची पानं कुठली मिळायला, मग अंगणातल्या मेपलची पानं एकमेकांना द्यायची, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा', आणि मग रेस.

पण कलम बारा! 'निलंबित सभासदाच्या जागेत मंडळाचा अधिकृत कार्यक्रम घेता येणार नाही.' हे कलम मी का लिहिलं होतं माहितीय? मी लिहिलंच नव्हतं! बाबा पुण्यातल्या त्यांच्या सहकारी गृहसंस्थेचे सेक्रेटरी, त्यांच्या उपविधींतून उचललं होतं, जशाच्या तसं! एका म्हाताऱ्या माणसाच्या गॅरेजला मी सोसायटीचा कायदा लावला... कार्यक्रम हलवला स्वानंदच्या कॉन्डोच्या पार्टीरूममध्ये, किचनरला. तिथं निरांजन लावता येईना, लावलं तर धुरानं छतातून पाणी सुटेल म्हणे. बॅटरीचा दिवा आणला. टोपीसमोर बॅटरीचा दिवा लुकलुकतोय, सात माणसं सोफ्यांच्या कडांवर बसलीयत, कुणी कुणाशी बोलेना, कारण भांडण लावून देणारा माणूसच नव्हता खोलीत!

दोन वाजता माझा फोन वाजला. जयंतीकाकू. "गौरांगी, तुम्ही लोक निघालात का गं?"

"कुठे काकू?"

"अगं, हे सकाळी सातपासून गॅरेजमध्ये आहेत. आठ खुर्च्या मांडल्यात. इस्त्रीचा शर्ट घातलाय. दर पाच मिनिटांनी येऊन विचारतात, अजून कसं कुणी आलं नाही. मी म्हणते, हायवेवर, चारशे एकवर ट्रॅफिक असेल."

"पण काकू... ती नोटीस..."

"ती मी पुसली ह्यांच्या फोनवरून. ह्यांनी वाचली नाही. वाचली असती तरी गौरांगी..." आणि वाक्य तिथंच सोडून म्हणाल्या, "आता किती वेळ ट्रॅफिक ट्रॅफिक म्हणू गं मी?"

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. संजयदादा उठले आणि, तुम्हाला सांगते, मी त्यांना आयुष्यभर विसरणार नाही, म्हणाले, "ओके, टीम. गणपूर्ती आहे. कलम बाराला अपवाद म्हणून एक ठराव पास करू आणि मग..." माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "अध्यक्षमहाराज, गाडी काढा!" आणि शप्पथ सांगते, काढली हो त्यांनी, ठरावाबिरावाशिवाय. दोन गाड्यांत सात माणसं, माझ्या मांडीवर पाट, पाटावर टोपी, टोपीचं कुंकू माझ्या ड्रेसला. आणि चारशे एकवर खरोखरच ट्रॅफिक! काकूंचं खोटं आम्ही खरं करत होतो. ताशी दोनशे मैलांनी पळणाऱ्या गाड्यांवर वर्षभर अक्कल पाजळणारी सात माणसं गोगलगायीसारखी सरकत होती, आणि मागच्या सीटवर स्वानंदचा फोन टुंगटुंग करून रेसचे निकाल देत होता. अडतिसाव्या चकरेला एकवीस नंबर भिंतीवर आपटली. संपली. आम्हाला सगळ्यांना कळलं. 

सव्वापाचला पोचलो. काकूंनी रेस रेकॉर्ड करून पहिल्याच मिनिटाला थांबवून ठेवलेली. काका दारात. "या, या, या! किती उशीर! रेस आत्ता सुरू होतीय!" संजयदादांचा हात धरला, स्वानंदच्या पाठीवर थाप मारली, आणि माझ्यासमोर आले. मी ती टोपी छातीशी धरून उभी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं... आणि हात जोडले. "नमस्कार. तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं?"

तुम्ही.

मला कधी तुम्ही म्हणाले नव्हते हो ते. पोरी म्हणायचे, सचिवबाई म्हणायचे, एकदा रागानं भवाने म्हणाले होते... मी म्हटलं, "मी... गौरांगी." "वा! छान नाव आहे. बसा बसा. गाडी निवडली का?"

मी पळाले आत स्वयंपाकघरात. काकू चहा गाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, हे आता हळूहळू सगळं विसरणार. नवीन आधी जाईल, जुनं शेवटी. म्हणून ती एकवीस नंबर... ती जुनी आहे ना." मी म्हटलं, "काकू, आम्हाला का नाही सांगितलंत? मला का नाही? मी नोटीस काढली काकू, मी..." आणि काकू काय म्हणाल्या, ऐका. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही सगळे जपून बोलायला लागला असता. मुलगी जपून बोलते, शेजारी जपून बोलतात, डॉक्टर तर लहान बाळाशी बोलावं तसं बोलतो. ह्यांच्याशी खणखणीत भांडणारी तुम्हीच तेवढी उरला होतात. तुझी नोटीस आली तेव्हा मी रडले. आणि खरं सांगू? बरंही वाटलं. म्हटलं, जगात अजून एक तरी माणूस आहे जो ह्यांना चुकलात म्हणतो. आजारी आहात म्हणत नाही." मग कप माझ्या हातात दिला. "सोमवारी फोन घेऊन बसतात. नाव दिसतं, माणूस आठवत नाही. मग ठेवून देतात. ने, चहा ने."

मी चहा घेऊन गॅरेजमध्ये आले. टीव्हीवर चकरा चाललेल्या. सात माणसं... काय सांगू तुम्हाला, एवढा वाईट अभिनय मी गॅदरिंगलाही बघितला नव्हता. "बघू या हं काय होतं!" संजयदादा. "मॉडेल म्हणतं, एकवीसला चान्स आहे!" हा स्वानंद, डोळे पुसत पुसत. पस्तीस. छत्तीस. सदतीस. आणि गाडी घसरली, फिरली, आणि आपटली भिंतीवर.

काकांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. हसत हसत, अपेक्षेनं... "गेली! गेली की रे माझी गाडी!" कुणी बोलेना. "अरे, बोला की काहीतरी!" सगळे जमिनीकडे बघतायत. म्हणजे काकू म्हणाल्या तेच झालं बघा, पाच मिनिटांत सगळे जपायला लागले! स्वयंपाकघरातलं बोलणं कुजबुजत पोचलं होतं सगळ्यांपर्यंत. आणि काकांचं हसू विझायला लागलं हो... टेबलाच्या टोकाला डबा घेऊन बसलेला तो पंचवीस वर्षांचा मुलगा मला दिसला. सहा महिने कुणी बोललं नव्हतं असा.

मी ट्रे आपटला. "काय काका, गेली नव्हं तुमची गाडी! किती वेळा सांगितलं ती एकवीस घेऊ नका म्हणून? कलम सात वाचलंत का? सही आहे तुमची! शून्य पॉइंट! मुकाट्यानं शेवटचा नंबर घ्या!" ओरडत होते मी, आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका क्षणभर बघतच राहिले... आणि मग खदखदून हसले. मांडीवर थाप मारून हसले. "आता कसं! ही कोण आहे रे? हिला मंडळात घ्या!"

घेतलं हो मंडळात. दर सोमवारी घेतात!

म्हणजे काय, तर आता साडेसातला मी फोन करते. त्यांना जमत नाही, मी करते. आधी ती घटना दुरुस्त केली, सातव्या कलमात एक ओळ घातली, 'एकवीस नंबर ही अरविंदकाकांची, कायमची.' सात विरुद्ध शून्य, संजयदादांनी हात वर करताना एकदाही प्रोसेस म्हटलं नाही. आणि सोमवारी मी फोन लावते, म्हणते, "काका, मी गौरांगी, किचनरहून." "कोण? बरं बरं. तुम्ही रेस बघता का?" मी म्हणते, "नाही काका." मग ते मला टोपीतल्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगतात. धा गोरे, डबा, वाटाणा, अॅरी. शेवटी म्हणतात, "तुम्ही आमच्या मंडळात या. एक गाडी निवडायची, म्हणजे सोमवारी बोलायला माणसं मिळतात." भर जानेवारीत, बाहेरचा बर्फ शोव्हलनं उपसून उपसून माझी कंबर मोडलेली, खऱ्या गाड्या हिवाळाभर झाकून ठेवलेल्या, रेस महिने महिने नाही, आणि मी फोनवर गाडी निवडतेय! मी दर वेळी मुद्दाम म्हणते, "मला एकवीस द्या." आणि दर वेळी, तुम्हाला सांगते, एक सोमवार चुकलेला नाही, आवाज असा कडक होतो, जुन्यासारखा, "ती मिळायची नाही! ती माझी आहे. नियम म्हणजे नियम!" मग जरा मऊ होऊन, "तुम्ही सात नंबर घ्या. पोस्टमन आहे. जिंकत नाही कधी, पण पोचतो."

घेते. काय करणार? ऑक्टोबरपासून आजवर चौतीस वेळा सात नंबर घेतलीय मी. सहाची मर्यादा... मीच लिहिलेली. सचिव म्हणून मी स्वतःला केव्हाच काढून टाकायला हवं होतं. नोटीस तयारसुद्धा आहे हो... पण मग सोमवारी फोन कोण करणार?